उजवी बाजू

कुंभारी रस्त्यावरच्या भंगारात मिळाला,
सव्वादोनशे रुपयांना, वजनावर.
कुठल्याशा कॉन्टेसाच्या डिकीतला.
गाडी आधीच कापून गेली होती,
हा तेवढा राहिला,
पाठीवर ॲल्युमिनियमच्या काळ्या पन्हळी,
भिजलेल्या चादरीसारखा जड.

अनसूया म्हणाली, गाडी कुठाय?
म्हटलं, गाडी नाही.
मग तिनं सूप पुढं ओढलं
आणि विडीची पानं कापत राहिली.

मे महिना. घरकुलाचा पत्रा तापलेला.
पंखा बंदच ठेवावा लागतो,
नाहीतर सोल्डरचा थेंब वाऱ्यानं
अर्ध्यातच गारठतो.
चार स्क्रू, तीन निघाले.
चौथ्यावर खोबरेल सोडून
पाणी यायच्या वारापर्यंत थांबलो,
म्हणजे चार दिवस.

आत मुंग्यांनी सोडून दिलेलं घर.
कपॅसिटर फुगलेले,
बुडातून पाझरून तांबं हिरवं केलेलं.
उजव्या बाजूचे दोन ट्रान्झिस्टर गेलेले:
मीटर कुठूनही लावा,
एकच लांब शिट्टी.
आणि तारांच्या जुडग्याला,
जिथं प्लास्टिकची पट्टी असायची,
तिथं पिवळा सुती दोरा.
गाठ बारीक, पक्की.
आमच्या खात्यात ताणा तुटल्यावर
बायका न बघता मारतात, तसली.

दोरा नंतर बघू म्हटलं.

नव्या पेठेतून माल आणला.
ट्रान्झिस्टरखालचं अभ्रक मात्र जुनंच,
पुसून, पांढरा लेप लावून.
माझ्या बोटांत नट-बोल्ट राहतात,
पाकळीएवढं काही राहत नाही; दोनदा निसटलं.
अनसूयेनं तंबाखूचे हात पदराला पुसले,
चिमटा बाजूला सारला,
आणि हजार विड्यांच्या बोटानं
ते जागेवर टेकवलं.
बोलली काहीच नाही.

रात्री मौलालीच्या रिक्षाची बॅटरी मागून आणली.
वाटेत हेडलाइटचा बल्ब जोडला:
पेटून राहिला तर आत आग,
लुकलुकून विझला तर बरं.
लुकलुकला.
विझला.
मी मात्र हात काढायला विसरलो होतो.

जुन्या कार-रेडिओवर पहिलं सापडलं ते
सीमेपलीकडचं कन्नड केंद्र.
एक माणूस शांतपणे आकडे वाचत होता.
तुरीचे असावेत.

गज्जम नरसय्या गल्लीतून आत आला,
ओट्यावर उजेड दिसला म्हणून.
चाळीस वर्षं यंत्रमागावर;
आता कानाशी ताशा वाजला तरी वळत नाही.
त्यानं एक तळवा डाव्या स्पीकरवर ठेवला,
एक उजव्या. डोळे मिटले.
"डावं बरोबर हाय," म्हणाला,
ऐकू न येणाऱ्याच्या मोठ्या आवाजात,
"उजवीकडं पीक चुकतंय बे. मधीच एखादं."

मला तर सगळं नीट ऐकू येत होतं.

परत उघडलं. भिंग धरलं.
एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर,
तापलं की सुटणारी, निवलं की जुळणारी.
रोझिनचा धूर, एक नवा थेंब.
नरसय्यानं पुन्हा हात ठेवले
आणि मान हलवली, कापड पास करताना हलवायचा तशी.

मग त्याला तो दोरा दाखवला.
नखानं गाठ फिरवत राहिला बराच वेळ.
"आपल्यातलाच कुणी तरी," म्हणाला,
"पण डावखुरा."
दोघांनी मिळून डावखुरे आठवले:
एक सुरतेला गेलेला,
एक मिल बंद पडायच्या आधीच वारलेला.
गाडीतलं काम येणारा कुणीच नाही.
झाकण लावताना दोरा ठेवला तसाच.
चौथा स्क्रू नाही लावला.

पहाटे साडेपाचला मौलाली बॅटरी न्यायला आला.
"रात्री काय बोलत होता रे तो?"
तुरीचं काहीतरी.
"भाव किती निघाला?"
म्हटलं, कन्नडातले आकडे मला कुठं कळतात.

अनसूया इंडीकडची.
पानावरची नजर न काढता म्हणाली,
सात हजार दोनशे. काल सात हजार होता.