सहा मीटर

बास्केटमध्ये ग्राहकाला घेऊ नये, असा नियम आहे.
त्याचा क्रमांक मला पाठ आहे, कारण नंतर तोच
माझ्या मेमोवर होता.

पण आधी खांब सांगतो.
कालव्याच्या अलीकडे, जिथे रोमा लोकांची वस्ती आहे,
विजेचे मीटर सहा मीटर उंच बसवलेत,
एकेका खांबावर बारा बारा, राखाडी पेट्या,
मान दुखेपर्यंत बघा, आकडा दिसत नाही.
चोरी होते, म्हणून.
कोणी केली, कधी केली, हे बिलावर छापलेलं नसतं.
कालव्याच्या पलीकडे मीटर छातीच्या उंचीला,
काचेचं दार, वर कुणीतरी ठेवलेली जिरेनियमची कुंडी.
तिकडेही होते चोरी. एकदा मीच पकडली.
बेकरीवाला होता.

शिबीलाबाईंचं दुकान म्हणजे
दही, सुट्या सिगारेटी, सुया आणि एक फ्रिज.
जानेवारीत फ्रिज बंद करून
दही त्यांनी खिडकीबाहेर बर्फात ठेवलं, महिनाभर.
तरी बिल आलं तीनशे बारा लेव्ह.

त्यांनी अर्ज केला. नियमात तेही आहे:
ग्राहकाने लेखी मागितलं तर तीन दिवसांत
शिडीची गाडी पाठवावी.
गाडी अकराव्या दिवशी गेली. मी चालवत होतो.

वर गेलो, आकडा वाचला, ओरडून सांगितला.
खाली त्या, कमरेवर हात.
"ऐकायला नाही बोलावलं," म्हणाल्या,
"अर्जात बघ काय लिहिलंय."

काढला अर्ज. शाई फुटलेली,
पण 'बघायचंय' या शब्दाखाली दोन रेघा.

मग हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं,
रुमालावर ते बसेना.
वर जाताना डोळे गच्च मिटलेले,
माझी बाही अशी धरलेली की शिवण उसवली
(ती नंतर त्यांनीच घालून दिली. दोन लेव्ह घेतले.)

थांबलो तेव्हा डोळे उघडले, चष्मा पुसला.
काचेवर बोट टेकवून एकेक आकडा.
खिशातून बिल. पुन्हा बोट.

आकडा बरोबर होता.

खरं सांगतो, मला चूक हवी होती.
"रुमेनला न्यूमोनिया झाला होता," त्या म्हणाल्या,
"हीटर रात्रभर. बरोबर आहे."
आणि खाली चला म्हणेनात.
कालव्यापलीकडे बघत राहिल्या.
"दिख," म्हणाल्या, त्यांच्या बोलीत.
मला ती बोली येत नाही.
कळलं.
इतक्या लांबूनही कुंडीतली फुलं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बिल भरलं, पूर्ण, पावती घेतली,
आणि त्याच खिडकीत तक्रार दिली.
तक्रारीचं कारण: उंची.

आयोगापुढे मी साक्षीला होतो.
अध्यक्षांनी विचारलं, सभ्यपणेच विचारलं,
बिल बरोबर, तुम्ही ते भरलंतही,
मग बाई, तुमचं नुकसान काय?

"तुमचं घड्याळ द्या," त्या म्हणाल्या.
"आमच्या खांबावर टांगते. वेळ बरोबरच दाखवेल.
किती वाजले ते महिन्यातून एकदा
पोस्टाने कळवत जाईन."

कुणी हसलं नाही.
एका सदस्याने बाही मनगटावर ओढून घेतली.

निकाल राखून ठेवलाय. एप्रिल गेला, जून गेला.
मीटर खाली आणायला खर्च येतो, असं कंपनीचं म्हणणं.
वर न्यायला आला नव्हता का,
हे मी विचारलं नाही. एक मेमो पुरे.

परवा सिगारेट घ्यायला थांबलो.
दुकानाच्या चौकटीवर रुमेनच्या उंचीच्या खुणा आहेत,
चौथं वर्ष, पाचवं, मग आजारपणाची, जेमतेम बोटभर वर.
त्यांच्याही वर एक नवी रेघ, निळ्या खडूची.
शेजारी नाव नाही, तारीख नाही.
मी समोर उभा राहून पाहिलं.
माझ्या हनुवटीशी येते.
त्यांच्या डोळ्यांशी.