खराब प्रत

हर्णैच्या बंदरावर लिलाव सुरू झाला
की माझ्या दुकानात काळं कुत्रं नसतं.
मशीन गरम राहावं म्हणून मी
कोऱ्या कागदाच्या कोऱ्या प्रती काढत बसतो.

जुलै संपता संपता नाखवे येतात.
नेपाळी खलाशांची ओळखपत्रं,
रबर लावलेली, पत्त्यांच्या कॅटासारखी.
"दोन-दोन काढ. अस्सल माझ्याकडं राहतील."
कैलालीचा खुशीराम चौधरी:
वय अठरा लिहिलंय, मिसरूड नाही.
उचल बापानं घेतली, चाळीस हजार.
कार्ड नाखव्याच्या खणात,
आणि बारा मैल आत, पोहता न येणारा माणूस
पळून पळून जाणार कुठं?
मी पानाचे दोन रुपये घेतले.

त्याच आठवड्यात, त्याच काचेवर
ओंकार पावसेचा पासपोर्ट.
घेऊन आलेला कुणी परका नव्हता,
पाजपंढरीचा जावई,
गणपतीत आमच्या आरतीला झांजा वाजवणारा.
ओंकारच्या आईच्या पाया पडला, म्हणाला,
बँकॉक, मावशी. कॉम्प्युटरचं काम. जेवण कंपनीचं.
मावशीनं पाटल्या मोडल्या.
पहिली प्रत वाकडी आली, अर्धा कान कापलेला,
हनुवटीखाली काळा पट्टा.
खराब प्रत मी टाकत नाही.
मागची बाजू हिशेबाला चालते.

विमान बँकॉकलाच उतरलं.
पुढं गाडी, पुढं रात्र, पुढं नदी,
नदीपल्याड भिंत आणि भिंतीवर तार.
पोरगा गाडीत झोपलेला असताना
त्याचा भाव ठरला.
हे नंतर कळलं, मंडणगडचा एक जण सुटून आला तेव्हा.

मला आधी कळलं ते एवढंच:
रात्री पावणेबाराला एका मुलीचा मेसेज.
कुरळे केस, नाव रिया.
"चुकून लागला नंबर. पण तुम्ही चांगले वाटता."
चार रात्री बोललो. खोटं कशाला सांगू,
बरं वाटलं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली.
पाचव्या रात्री गुंतवणुकीचं निघालं.
मी लिहिलं, बाई, माझं कसलं काय,
हर्णैला झेरॉक्सचं दुकान.

बराच वेळ ती टाइप करत होती.
थांबली.
परत करत होती.
मग:
"काका, सुरमय काय भावान गेली आज?"
वाचला न वाचला, तोच पुसला गेला.

कुठली रिया लिलाव विचारते?
माझी बोटं माझ्याआधी धावली:
"पावश्यांचा ओंकार काय रे तू?"
दोन निळ्या खुणा.
त्यानंतर तो नंबर लागत नाही.

त्याच्या खुर्चीमागं कोण उभं होतं?
खुणा निळ्या कुणी केल्या?
नाव लिहायला नको होतं मी.
बाकी काहीही लिहायचं होतं. सुरमईचा भाव तरी.

दापोलीला ठाण्यात साहेब म्हणाले,
मुलाचं काही कागदपत्र?
मी खिशातून वाकडी प्रत काढली.
मागं माझंच अक्षर:
खुशीराम धरून नऊ जण, छत्तीस रुपये, येणे बाकी.
साहेबांनी उलटीसुलटी बघितली.
"तीन झेरॉक्स घेऊन या हिच्या."

रस्त्यापलीकडंच दुकान होतं.
पोरीनं काच पुसली, कागद ठेवला.
उजेडाचा पट्टा सरकत गेला,
हनुवटीपासून अर्ध्या कानापर्यंत.
ती म्हणाली, "काका, फार काळं येतंय.
ओरिजिनल नाहीये का?"