फळ्यावरचं

पाचवीत होते तेव्हापासून
पाचगणीच्या त्या सिल्व्हर ओकखालच्या हॉटेलचा फळा
मी लिहायचे.
आबा सांगायचे, पीठ लागल्या बोटानं हवेत अक्षरं काढत.
शाळा तिसरीत सुटलेली, पण स्पेलिंगं पाठ:
एस यू ई टी. स्यूट.
म्हणजे गुर्द्याभोवतीची चरबी.
बोटांनी मोकळी करायची, थंड ठेवायची,
नाहीतर रुसते.

वर्गात बाईंनी एसवरून शब्द विचारले.
कुणी सन म्हणालं, कुणी शिप.
मी म्हणाले, स्यूट.
बाईंनी कपाटातून डिक्शनरी काढली.

सोमवारी शेपर्ड्स पाय. आबांच्या भाषेत धनगराचा पाय.
"न्हाईतर काय? खाली मेंढराचा खिमा,
वर बटाट्याचं घोंगडं."
बुधवारी केजरी.
"आपलीच खिचडी ही. बोटीनं गेली,
अंडं-मासळी पदरात घिऊन माघारी आली.
आता माहेरात कुणी वळखंना."
शुक्रवारी बिळातला बेडूक.
त्यात बेडूक नसायचा.
तरी दर शुक्रवारी मी वाकून बघायचे.

आणि रविवारी रोली-पोली:
तुतीचा जाम, पिठाची वळकटी,
मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेली,
दोन्ही टोकांना सुतळी,
दीड तास रटरटत्या पाण्यात.

आबांनी यातलं कधी पोटभर खाल्लं नाही.
मनगटावर थेंब घ्यायचे,
डोळे मिटून
दुसऱ्याच कुणाच्या जिभेनं चव बघायचे.
मग चालत दांडेघरला, घरी,
घेवड्याची आमटी आणि भाकरी.

खाणारे कमी होत गेले. भांडण नाही, तक्रार नाही,
नुसतेच कमी.
शाळेतून निवृत्त झालेल्या मिस लोबो तेवढ्या
दर रविवारी खिडकीशी बसायच्या.
त्या गेल्या तेव्हा कुणी कळवलं नाही;
वळकटी शिजली, निवली,
फडकं सुटलंच नाही.

मालक, फ्रामजींचा नातू, वाईट नव्हता.
"गेनू, लोकांना पनीर पाहिजे," एवढंच म्हणाला,
आणि मी ओल्या बोळ्यानं
बुधवार पुसला.
पुढच्या महिन्यात सोमवार.

मग एका जुलैत
धुक्यातून एक गोरा पोरगा आला.
पाठीवर सॅक, बुटांना पसरणीच्या घाटाचा चिखल.
पणजोबा कधीकाळी इथं हवा पालटायला राहिलेले म्हणे.
आबांनी कुणाला विचारलं नाही. ओव्हन पेटवला.
मैदा, अंडी, दूध फेटून झाकून ठेवलं,
सॉसेज परतले,
कडकडीत तुपात पीठ ओतलं
तेव्हा आत झालेला आवाज
मी कितीतरी वर्षांनी ऐकला.
शुक्रवार नव्हता तरी.

पोरानं बघितलं. फोटो काढला.
"हे इथलं खास का?"
मी म्हणाले, तुमचंच की.
तो हसला, जरा ओशाळून:
आमच्याकडे आता कुणी करत नाही,
आजीला विचारीन.
अर्धं खाल्लं, नीट, पाहुण्यासारखं.
मग म्हणाला, मिसळ मिळेल?

आबांनी मिसळ दिली. तर्री वेगळी वाटीत, पाव शेकून.
त्याचं उरलेलं आत नेलं,
आणि ओट्याशी उभ्यानं
सगळं खाल्लं, कडेचं करपलेलंसुद्धा.
बराच वेळ बोलले नाहीत.
"मीठ कमी पडायचं गं," मग म्हणाले.
"चाळीस वर्सांत
एकानं सांगितलं न्हाई."

फळा अजून मीच लिहिते.
इंग्रजीत मिसळ लिहिताना
एक एस की दोन,
रोज थोडी थांबते.
आबांना विचारलं तर म्हणतात,
"ते मला कुटं म्हाईत,
ते आपलं हाय."