ओळी

मोहोळला कृषी सेवा केंद्रात
पावत्या फाडतो मी, तिसरं वर्ष.
दिवाळी सरली की दुकानभर
औषध चोळलेल्या बियांचा वास,
गोडसर, आणि घरातल्या कुठल्याच डब्यात नसलेला.

कुरुलच्या महानंदा बिराजदार आल्या.
पिशवीतून वाळकं कणीस काढलं,
शेजाऱ्याच्या खरिपातलं, मागून आणलेलं.
"ह्याचंच बी हाय का बघा."

मालकांनी चार वाण मांडले.
चारी पिशव्यांवर तोच तो माणूस
तेच कणीस धरून हसत होता.
"ही घ्या मावशी. एकरी चाळीस क्विंटल, डोळे झाकून."

त्यांनी डोळे झाकले नाहीत.
"दिवस किती?"
"एकशेतीस."
"आन् ती कडेची?"
"एकशेपाच. पण उतारा पाच-सहानं कमी."

मग बराच वेळ त्या
बोटांच्या पेरांवर कालवा चालवत राहिल्या.
एक आवर्तन, दोन आवर्तनं,
"आम्ही टेलला. मार्चात पाटात सरडे खेळतात.
ऐन तुऱ्यात पाणी तुटलं
की कणसाचं बोळकं होतंय, दादा.
तुमचे चाळीस कागदावर पिकतील."

मालक हसले. पंख्याकडे बघत हसले.

"ह्यातलंच राखून पुढच्या साली पेरलं तर?"
"हायब्रीड आहे. पोरं बापावर जात नाहीत."
"शाळवाचं मी राखेत ठेवते,
एक दाणा फसवत नाही."
"म्हणून तर मका घ्यायला दरसाल आमच्या दारात या."
"येतो की. पर तुम्ही बोलवताय
म्हणून न्हाई."

कडेची घेतली. दोन पिशव्या.
पिशवी कानाशी नेऊन हलवली,
का ते मी विचारलं नाही.
पैसे मोजून दिले, दुधाच्या पगाराचे,
अजून रबर लावलेले.
"लॉट नंबर नीट काढ, बाळा.
उगवलं न्हाई तर
माझ्या वतीनं हाच कागद भांडणार."

मी शून्यसुद्धा गोल काढली.

कणीस काउंटरवरच राहिलं.
कुरुलची एसटी गेली होती.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा
अंगठ्याखाली एकेक ओळ फिरवत मोजली:
पंधरा.
मालक वहीतून मान न काढता म्हणाले,
"चुकलास. मक्याच्या ओळी
कधी विषम नसतात."

पुन्हा मोजली.
सोळा.