सांताक्रूझला दोन रात्री

उजळाईवाडीहून मुंबई, मुंबईहून आदिस अबाबा,
तिथून साओ पाउलो, तिथून सांताक्रूझ.
हे सांताक्रूझ पार्ल्याशेजारचं नव्हे,
हे बोलिव्हियातलं, सपाटीवरचं, घाम काढणारं.
इथे दोन रात्री थांबायचं, मी लाल पेनने लिहिलंय.
मग कोचाबांबा, तीन रात्री.
मग ला पाझ.

"एवढं थांबत थांबत कशाला? येष्टी हाय व्हय ती?"
शेंगा फोडता फोडता पद्मल विचारते.
मी सांगतो, साच्यात रस ओततात ना, तसं आहे.
घाईनं ओतला तर हवा आत अडकते,
कास्टिंग वरून गुळगुळीत आणि पोटात भोकं.
फुप्फुसाला सवड द्यावी लागते.
"मला काय ओताय लागलाय काय तुम्ही," ती म्हणते
आणि टरफलं सुपात झटकते.

चार पन्हाळे एकावर एक रचावेत,
वर उरलेल्या जागेत एखादी टेकडी,
तेवढ्यावर तिथला विमानतळ.
विमानालाही धाप लागते म्हणे.
हवा पातळ, पंखांना धरायला काही नाही,
उठायचं तर चार किलोमीटर पळायचं.
आपली धावपट्टी निम्म्यातच संपली असती.
म्हणून जड विमानं रात्री सुटतात,
गारठ्यात हवा जरा दाटते, भार घेते.
हे वाचून मी उगाच खिडकी उघडली.
उद्यमनगरात कुणाचं तरी लेथ चालू होतं.

आधी दोन तिकिटं होती.

डॉक्टर मगदुमांनी फोटो उजेडाला धरला,
पांढरे ठिपके, चाळणीतून पडल्यासारखे.
अडतीस वर्षं शिरोलीला वाळू चाळली,
कोअर फोडले, संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं.
मला वाटायचं, सगळं बाहेर पडतंय.
"पन्हाळ्यापर्यंत जावा," डॉक्टर म्हणाले, "त्याच्या वर नको."
घरी येऊन कागदावर
मी माझं नाव खोडलं नाही.
सीट नंबर तेवढा खोडला.

सन्मतीला जूनमध्ये नववा लागेल.
तिकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी.
फोनवर म्हणाली, बाबा, इथे पाणी अठ्ठ्याऐंशीलाच उकळतं,
डाळ तासन् तास कच्ची राहते.
मी आकडा वहीत टिपून घेतला, विचारात पडलो.
पद्मल फळीवरून तीन लिटरचा कुकर काढून आली.
"रिंग तेवढी नवी आणा. दोन शिट्ट्या जादा दीन."
श्रवणबेळगोळच्या पुढे न गेलेली बाई.
मी वजन केलं, दोन किलो तीनशे.
तेवीसातून वजा केलं.
डिंकाचे लाडू कमी करावे लागतील म्हटलं,
तर दोन दिवस बोलली नाही.

आता रात्री मी कार्डं लिहितो,
तिकडची भाषा, आपली अक्षरं,
पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्यावर, ठळक.
आग्वा म्हणजे पाणी.
मि इहा म्हणजे माझी मुलगी.
सूर्यास्तानंतर ही जेवत नाही, हे एक लांबलचक वाक्य,
ते तिनं सर्वात आधी पाठ केलं.
शेवटचं कार्ड मी दोनदा गिरवलं:
मे फाल्ता एल आइरे.
मला हवा कमी पडतेय.
कुणालाही दाखव, विमानात, रस्त्यावर, लाजू नको.

काल पहाटे मला उबळ आली,
उठून बसलो, भिंतीला पाठ लावून.
तिनं पाणी दिलं, पाठ चोळली,
मग चष्मा लावून कार्डांची चळत शोधली
आणि ते शेवटचं काढून माझ्या उशाला ठेवलं.
"हे तुम्हीच पाठ करा.
मी तिकडं असताना असं झालं तर?"

अगं, इथे कोल्हापुरात कुणाला कळणार आहे ते?

"मला कळंल की," ती म्हणाली.
"फोन उचलून तेवढंच म्हणा."