कळ

नुकूसच्या बाजारात, पाराखतच्या टपरीवर
मी कीबोर्ड बघत नाही, ऐकते.
डोळे मिटून दाबते
एक कळ मधली, एक कडेची, मग ती लांबोडकी खालची.

पहिला चपटा, देखणा, बिस्किटासारखा.
दाबला, तर आत काही झालंच नाही.
भिंतीशी बोलावं तसं.

दुसऱ्यावर पाराखतनं रबरी कातडं चढवून दिलं.
"कणभर धूळ जायची नाही, झीबागुल आपा."
खरं असेल.
पण हातमोजे घालून कणीक मळल्यासारखं वाटलं.

धूळ म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक आहे.
इथली धूळ पूर्वी समुद्राचा तळ होती.
ओठांवर बसली की खारट लागते.
ऑफिसातला जुना कीबोर्ड मी दर शुक्रवारी
खांद्यावर घेऊन थोपटायची, तान्ह्याची ढेकर काढतात तसा,
आणि टेबलावर पांढरं सांडायचं, चिमूटभर.
मार्चमध्ये शेपटीवाला 'न' खाली बसला तो उठलाच नाही.
त्या तीन आठवड्यांत जन्मलेल्या पोरांच्या नावांत
तो मी पेनानं घातलाय.

तिसरा कपाटामागे होता.
जड, कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेला.
प्रत्येक खटक्याभोवती नखाएवढी भिंत, वर टोपी,
धूळ आलीच तर कडेच्या फटीतून खाली घरंगळणार.
बोट ठेवलं.
कडी निघण्याआधी जराशी अडते ना,
तेवढंच अडलं,
मग टक्.

"हा फार वाजतो आपा, तुमचे साहेब ओरडतील."
ओरडू देत.
एका खरबुजाइतकी किंमत त्यानं उतरवली,
मी दोन खरबुजं मागत होते.

सोमवारी पहिला आला पेर्देबाय, भावाच्या मृत्यूची नोंद करायला.
जन्मठिकाण? मुयनाक.
"पुढे बंदर लिही," म्हणाला.
बंदराला रकाना नाही आमच्याकडे.
"तरी लिही."

माझ्या वडिलांची बोट तिथंच आहे, वाळूत कलंडलेली,
शेळ्या सावलीला बसतात.
ती खाली गेली ती गेली.

माझं बोट खाली गेलं, अडलं,
आणि तळातून कुणीतरी
हलकेच परत वर ढकललं.
प्रत्येक अक्षराला.

"लिहिलंस?" पेर्देबायनं विचारलं.
त्याला चष्म्यातूनही पडदा दिसत नाही.

म्हटलं, ऐकलंत ना.