सक्तीचा रकाना

सियागंजातल्या गेंदालालजींच्या पेढीवरून फोन:
काका, तुमचा प्रोग्राम आता काढतोय,
काढायच्या आधी एकदा वाचून द्याल का?

एक्याण्णव सालचा माझा हात.
फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळायची तेव्हा,
म्हणून व्याजाचं नुसतं व्या, उधारीचं उ,
बाकीचं मी डोक्यात ठेवलं
आणि डोकं घरी घेऊन गेलो.

माळ्यावर हळदीचा, खोबऱ्याचा तोच खाट.
डॉट मॅट्रिक्सवर फडकं, कुणाच्या तरी साडीचं.
शाल्मली मुंगी, वय सव्वीस, मांडीवर लॅपटॉप,
सांगते, सगळं आता वर जाणार, क्लाउडवर.
गेंदालालजी वर गेले त्याला नऊ वर्षं झाली.
मी काही बोललो नाही.

ती एका ओळीवर बोट ठेवते:
पार्टी चारशे बारा असेल तर व्याज शून्य.
"बग आहे का हा?"

चारशे बारा. थांदला. किराणा.
मला उकाडा आठवतो, गेलेली लाइट,
यूपीएसची टीं टीं, आणि खुर्चीमागे गेंदालालजी,
चष्मा कपाळावर:
"भिया, इसका ब्याज मत लगाना."
का, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही. मला चेक हवा होता
आणि पाच चाळीसची उज्जैनची बस.

त्यानंतरचा प्रत्येक मार्च या ओळीने निमूट पाळला.
दोन हजार साल यायच्या आधी
रात्रभर इथेच बसून तारखा दुरुस्त केल्या,
तेव्हाही हिच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो.

नातू गल्ल्यावरून ओरडतो, "हटा दो, बंद खाता होगा!"
शाल्मली बघते. बंद नाही.
मागच्या सोमवारी दोन पोती जिरं.

नव्या सिस्टिमला शून्य व्याज चालतं,
फक्त तिला कारण लागतं.
लाल चांदणीचा रकाना, सक्तीचा,
आत अडीचशे अक्षरांची सोय.
एवढी ऐसपैस जागा
मला नोकरीभर कुणी दिली नव्हती.

"काय टाकू, काका?"

जिन्याच्या वळणावर हमाल
पोतं कठड्याला टेकवून दम खातोय.
तो वर येईपर्यंत मी विचार करतो.
मग म्हणतो, टिंब टाक.

"नुसतं टिंब?"

चाललं.
हिरवी खूण आली,
आणि पुढची पार्टी, चारशे तेरा.